'यूएनला गेलेला' जवान तिथे वर्षभर नेमकं काय करतो?

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या गावांत एक वाक्य अधूनमधून कानावर येतं: "त्यांचा थोरला सध्या यूएनला आहे." ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं पोरगा अमेरिकेत गेला. उरलेल्यांना वाटतं लढाईवर गेला. आमच्या ओळखीच्या एका आजींनी नातू निघाला तेव्हा त्याच्या बॅगेत स्वेटर कोंबला होता. परदेश म्हणजे थंडी, हा त्यांचा हिशेब. नातू उतरला दक्षिण सुदानमध्ये, मार्च महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना.

या 'यूएन'विषयी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेविषयी, सध्या बातम्या येताहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं, की तिजोरीत खडखडाट असल्यामुळे नऊ मोहिमांमधले मिळून सुमारे २५ टक्के शांतिसैनिक कमी करावे लागतील. त्याआधी ऑगस्टमध्ये सुरक्षा परिषदेने लेबनॉनमधली मोहीम ३१ डिसेंबर २०२६ ला थांबवायचा ठराव केला. तिथे १९९८ पासून भारताची एक पलटण असते. त्यामुळे 'हे लोक तिथे करतात तरी काय, आणि परत आले तर कुणाचं काय बिघडणार?' असा प्रश्न पारावरही निघतो, व्हॉट्सॲपवरही. त्या प्रश्नाकडे वरून, न्यूयॉर्कच्या इमारतीतून न बघता खालून बघू. एक जवान तिथे उतरतो, रुळतो, सराव करतो आणि वर्षाने परततो. त्या वर्षात काय असतं?

भांडण दुसऱ्याच्या बांधावरचं

दोन भावांमध्ये बांधावरून कुऱ्हाडी निघाल्यात. गाव मध्ये पडलं, दोघांना मागे सरकवलं आणि एका तिऱ्हाइताला सांगितलं, "तू इथे उभा राहा. मोजणी होऊन निकाल लागेपर्यंत कुणी बांध ओलांडायचा नाही." त्या तिऱ्हाइताकडे काठी आहे, पण तो कुणाच्या बाजूचा नाही. दोघांनी 'चालेल' म्हटलं म्हणून तो तिथे आहे, आणि काठी उगारायची ती जीव वाचवायला किंवा नेमून दिलेलं काम पार पाडायला. शांतिसेनेची तीन मूळ तत्त्वं हीच: संमती, निःपक्षपात आणि बळाचा कमीत कमी वापर. नेमून दिलेलं काम सुरक्षा परिषद ठरावात लिहून देते. त्याला मॅण्डेट म्हणतात.

लेबनॉनमध्ये तर शब्दशः बांधच आहे. इस्रायलचं सैन्य २००० साली दक्षिण लेबनॉनमधून मागे गेलं, ते खरंच पूर्ण गेलं का हे तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी सुमारे १२० किलोमीटरची एक रेघ आखली. तिला ब्लू लाइन म्हणतात. ती अधिकृत सीमा नाही, नुसती माघारीची रेघ. ठिकठिकाणी निळे पिंप उभे करून तिच्या खुणा केल्यात, आपल्याकडे मोजणीवाले हद्दीचे दगड रोवतात तसे. आणि दगड सरकवल्याचे आरोपही आपल्यासारखेच, रोजचे.

दक्षिण सुदानात असा एक बांध नाही. २०११ मध्ये हा देश स्वतंत्र झाला आणि २०१३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष यांच्या गटांत युद्ध पेटलं. हजारो माणसं जीव मुठीत धरून यूएनच्या तळांच्या फाटकांशी आली आणि फाटकं उघडली गेली. तळ हा शांतिसैनिकांचा कॅम्प होता, तो एका रात्रीत निर्वासितांचं गाव झाला. तेव्हापासून तिथल्या मॅण्डेटमध्ये सगळ्यात वर एकच गोष्ट आहे: सामान्य माणसांचं संरक्षण. दोन मोहिमा, दोघींवर शांतिसेनेची तीच निळी टोपी, पण कामात जमीन-अस्मानाचा फरक.

आता जवानाच्या बाजूने बघा. भरतीच्या पहिल्या दिवसापासून त्याला शत्रू ओळखायला शिकवलेलं असतं. समोरची टेकडी, तिच्यावरचा शत्रू, तो हटवायचा. इथे टेकडी आहे, हत्यारं घेतलेली माणसं आहेत, पण शत्रू म्हणून कुणी नेमून दिलेलाच नाही. सकाळी ज्याच्याशी हस्तांदोलन केलं, त्याचीच माणसं संध्याकाळी रस्ता अडवून उभी राहतात. वर्षभराचा सगळा दिनक्रम आणि सराव या एका अवघड गोष्टीभोवती फिरतो.

थोरातांची गोष्ट

मराठी सैनिक परदेशात जाणं नवं नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. दुसऱ्या महायुद्धात यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. पण ती लढाई होती. भांडणात तिऱ्हाईत म्हणून उभं राहायची पहिली मोठी वेळ कोरियात आली.

१९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं, तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांना कुणी सांभाळायचं हा प्रश्न होता. ते काम भारताकडे आलं. त्या 'कस्टोडियन फोर्स'चे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. तांत्रिकदृष्ट्या ती निळ्या टोपीची फौज नव्हती, पण काम तेच. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष भारतावर इतके नाराज होते की भारतीय सैनिकांना आमच्या जमिनीवर पाय ठेवू देणार नाही म्हणाले. मग जवानांना जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथल्या छावणीचं नाव 'हिंद नगर'.

एकदा कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या कुंपणात डांबून ठेवलं. बाहेर जवान बंदुका रोखून होते. थोरात स्वतः निःशस्त्र आत गेले, कैद्यांशी बोलत राहिले आणि आपल्या अधिकाऱ्याला सोडवून घेऊन आले. गोळी सुटली नाही. शांतिसेनेच्या सगळ्या जाडजूड पुस्तिका याच प्रसंगाचं सविस्तर व्याकरण आहेत असं मला वाटतं.

जाण्याआधीची शाळा

पलटणीला मोहीम मिळाली की काही महिने आधीपासून तयारी चालते. दिल्लीत २००० साली यूएन शांतिसेनेच्या प्रशिक्षणासाठी खास केंद्र सुरू झालं. ते अधिकाऱ्यांना आणि प्रशिक्षकांना तयार करतं आणि मग ते धडे पलटणीत खाली जवानापर्यंत झिरपतात. अभ्यासक्रम यूएनने ठरवलेला असतो, म्हणजे घानाचा सैनिक, नेपाळचा सैनिक आणि आपला सैनिक साधारण तेच शिकून येतात.

निशाणेबाजी त्याला येतेच. शिकायचं असतं ते वेगळंच. बाई तक्रार घेऊन आली तर कुणी बोलायचं. स्थानिक माणसाच्या घरात बूट घालून जायचं का. लहान मुलांना बिस्किटं वाटायची का? (नाही. पुढच्या गाडीमागे ती पोरं धावतात आणि चाकाखाली येतात.) शिवाय स्थानिक स्त्रियांचं लैंगिक शोषण, अन्नाच्या किंवा पैशाच्या बदल्यात शरीरसंबंध, यांवर पूर्ण बंदी. हा धडा उगाच नाही. अनेक देशांच्या शांतिसैनिकांवर असे आरोप झाले आहेत. काँगोतल्या भारतीय तुकडीवरही झाले आणि लष्कराला चौकशी नेमावी लागली.

मग सुया. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टइतकंच जपावं लागतं. आफ्रिकेतल्या पीतज्वराच्या देशातून कार्डाशिवाय परतलात, तर भारतात विमानतळावरूनच विलगीकरणात पाठवतात.

पहिला महिना: सगळं उलटं

भारताच्या तुकड्या बरीच वर्षं दक्षिण सुदानातल्या मलाकाल आणि बोर भागांत आहेत. मलाकाल हे पांढऱ्या नाईलच्या काठचं शहर, राजधानी जुबापासून सरळ रेषेत पाचएकशे किलोमीटर. देश महाराष्ट्राच्या दुपटीचा, आणि पक्के डांबरी रस्ते इतके थोडे की पल्ल्याचा प्रवास बहुतेक विमानाने, हेलिकॉप्टरने किंवा नदीतून.

नव्या जवानाला पहिले काही दिवस मोहिमेचे वर्ग असतात. तळ कुठे, बंकर कुठे, भोंगा वाजला की कुठल्या रस्त्याने पळायचं. रस्त्यात पडलेलं लोखंड पायाने उडवायचं नाही, तो न फुटलेला गोळा असू शकतो. गाडी चालवणाऱ्यांची पुन्हा परीक्षा होते, मग त्याने लेह-मनाली दहा वर्षं ट्रक चालवलेला असो. कारण इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं आणि स्टिअरिंग डावीकडे. बऱ्याच गाड्यांत एक यंत्र असतं, कार्ड लावल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही आणि वेग किती होता ते त्यात नोंदलं जातं. 'आपला साहेब आहे, बघून घेईल' हा प्रकार तिथे चालत नाही.

भाषेचं वेगळंच. कामाची भाषा इंग्रजी, बाजारातली भाषा जुबा अरबी, गावात डिंका, नुएर किंवा शिलुक. म्हणून गस्तीसोबत स्थानिक दुभाषा असतो. वायरलेसवर मात्र प्रत्येकाला ठरावीक शब्दांत बोलावं लागतं, कारण पलीकडे रवांडाचा किंवा मंगोलियाचा माणूस असू शकतो.

घराशी बोलायचं तर भारत साडेतीन तास पुढे. इकडे आई जेवणं उरकून रात्री नऊला व्हिडिओ कॉल लावते, तिकडे साडेपाच वाजलेले, सूर्य अजून वर. "जेवलास का?" या प्रश्नाला वर्षभर "अजून नाही" हेच उत्तर असतं आणि आईला वाटतं पोराचे हाल चाललेत.

शिधा त्यांचा, आचारी आपला

हाल जेवणाचे तरी होत नाहीत. आपल्याकडे लग्नाला आचारी बोलावतात तेव्हा वाण्याचं सामान यजमान भरतो. भांडी, माणसं आणि हात आचाऱ्याचा. यूएनचं स्वयंपाकघर अगदी असंच चालतं. शिधा यूएन पुरवतं, माणशी दिवसाला सुमारे साडेचार हजार कॅलरीच्या हिशेबाने. चुली, पातेली, आचारी पलटणीने न्यायचे. त्यामुळे भारतीय तळावर लंगरमध्ये पोळी, डाळ, भात होतोच, आणि सणाला बडाखानाही होतो.

ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरच्या जवानाला आणखी एक आश्चर्य भेटतं. दक्षिण सुदानचं मुख्य धान्य ज्वारीच आहे. तिथे तिला 'दुरा' म्हणतात. तिचं पीठ आंबवून तव्यावर कागदासारखं पातळ पसरतात, त्याला 'किस्रा' म्हणतात. आपल्या आंबोळीची दूरची बहीणच म्हणायची.

बाकी सामानाचा व्यवहार समजायला गावातला जेसीबी आठवा. जेसीबी दोन तऱ्हेने भाड्याने मिळतो: नुसतं मशीन, किंवा दुरुस्ती-देखभालीसकट. यूएनही देशांकडून गाड्या, जनरेटर, तंबू, दवाखाने असेच भाड्याने घेतं. देखभालीसकट घेतलं तर त्याला 'वेट लीज' म्हणतात. डिझेल यूएनचं, सुटे भाग आणि मिस्त्री आपले. दर तीन महिन्यांनी तपासणीस वही घेऊन येतात. किती गाड्या सुरू आहेत, संडास पुरेसे आहेत का, धुलाईची सोय चालते का, सगळं मोजतात. बंद पडलेल्या गाडीचं भाडं कापलं जातं. म्हणून पलटणीतला मेकॅनिक हवालदार तिथे फार मोठा माणूस असतो.

काळ्या मातीतली गस्त

मोहिमेचा कणा म्हणजे गस्त. छोटी गस्त काही तासांची. मोठी गस्त कित्येक दिवसांची, पाणी, तंबू, डॉक्टर सगळं बरोबर घेऊन. पांढऱ्या गाड्या, त्यांवर काळ्या अक्षरांत यूएन. या गाड्या लपायला नसतात, दिसायला असतात. आपल्या सैनिकाला हीच गोष्ट सुरुवातीला पटत नाही. काश्मीरमध्ये त्याने आवाज न करता चालायचं शिकलेलं असतं. इथे पांढराशुभ्र ट्रक घेऊन, निळं हेल्मेट घालून दिवसाढवळ्या गावाच्या मधोमध थांबायचं. लोकांनी बघावं, आणि गावावर डोळा ठेवून असलेल्या टोळीनेही बघावं.

बसस्टँडवर नुसता एक पोलीस उभा असला तरी पाकीटमार दुसरीकडे जातो. त्या दिवशी किती पाकिटं वाचली हे कुणाला मोजता येत नाही. शांतिसेनेची तीच पंचाईत. जी हिंसा झाली नाही तिची बातमी होत नाही.

पण गस्त निघायची तर रस्ता हवा. मराठवाड्यात, विदर्भात ज्याने जुलैत काळ्या रानातून मोटरसायकल ढकललीय त्याला हे वेगळं सांगायला नको. दक्षिण सुदानच्या मोठ्या भागात तीच काळी चिकण माती आहे. उन्हाळ्यात वीतभर भेगा, पावसात लोणी. साधारण मे ते ऑक्टोबर ट्रक चाकाच्या आसापर्यंत रुततात आणि गावंच्या गावं तुटतात. मग इंजिनिअर तुकड्यांचं काम सुरू होतं: मुरूम शोधा, भराव घाला, पुन्हा वाहून गेला की पुन्हा घाला. पाऊस संपला की रस्ते उघडतात, आणि रस्त्यांबरोबर गुरांच्या धाडीही सुरू होतात.

गुरं हा तिथला बँक बॅलन्स. लग्नात मुलीच्या घरच्यांना गाई द्याव्या लागतात, तंटा मिटवतानाही गाईच. गाई पळवल्या की बदला, बदल्याचा बदला, आणि आता भाल्याच्या जागी स्वयंचलित रायफली आल्यात. आपल्याकडे मेंढरं रानात शिरली म्हणून धनगर आणि शेतकरी यांच्यात तंटे होतात. त्यात रायफल घातली तर काय होईल, तेवढी कल्पना करा. म्हणूनच भारतीय तुकडीबरोबरचा पशुवैद्य तिथे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त उपयोगी पडतो. मलाकालमध्ये आणि लेबनॉनच्या डोंगरातही भारतीय पशुवैद्यांकडे लोक जनावरं घेऊन येतात. शेळीला इंजेक्शन देता देता जी माहिती कळते, ती बंदूक घेऊन विचारल्यावर कधीच कळत नाही.

स्त्री-सैनिकांचंही तसंच. गावातल्या बायका गणवेशातल्या पुरुषाशी बोलत नाहीत, बाईशी बोलतात. पाणी आणायला कुठल्या वाटेने जाताना भीती वाटते हे बाईच बाईला सांगते. मग गस्तीची वाट बदलते. लायबेरियात २००७ मध्ये भारताने फक्त महिलांची पोलीस तुकडी पाठवली होती, आणि २०२३ मध्ये सुदान आणि दक्षिण सुदान यांच्या वादातल्या अबेई भागात महिला सैनिकांची एक मोठी प्लाटून गेली.

मग रोज सराव कशाचा?

पहाटे ऊन चढायच्या आत पीटी. संध्याकाळी रोल कॉल. मधे पहारा, गस्त, गाड्यांची देखभाल. हे इथल्यासारखंच. वेगळा असतो तो 'गोळी कधी झाडायची' याचा सराव. त्याचे लेखी नियम असतात आणि त्यांचं सार जवानाच्या खिशात छोट्या कार्डावर असतं. साधारण पायऱ्या अशा: आधी आवाज देऊन बजाव, मग हत्यार दाखव, मग इशाऱ्याची गोळी, आणि तरीही नाही ऐकलं तर नेम धरून, लागेल तेवढंच बळ. जीव जाण्याची वेळ समोर उभी ठाकली असेल तर पायऱ्या गाळता येतात.

कागदावर सोपं आहे. म्हणून तळावर नाटक बसवतात. एक जवान दारू प्यालेला बंदूकधारी होतो, दुसरा रडणारी बाई, तिसरा नाक्यावरचा अरेरावी करणारा कमांडर. गस्तीच्या प्रमुखाने तीन मिनिटांत ठरवायचं. अनेकदा बरोबर उत्तर 'इंजिन बंद कर, खाली उतर, चहा मागव आणि दोन तास बोलत बस' हे असतं. धडाडीच्या नायकाला हे जड जातं. मुरलेला सुभेदार मात्र यात पटाईत असतो. गावच्या यात्रेत मानाच्या पालखीवरून झालेली भांडणं त्याने लहानपणी बघितलेली असतात.

दुसरा मोठा सराव जखमींना हलवण्याचा. यूएनचं सूत्र आहे दहा-एक-दोन: दहा मिनिटांत प्रथमोपचार, एका तासात प्रगत उपचार, दोन तासांत जीव वाचवणारी शस्त्रक्रिया. दवाखान्यांच्या पातळ्या ठरलेल्या. पहिली आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखी, दुसरी शस्त्रक्रिया होणारी, तिसरी जिल्हा रुग्णालयासारखी. मलाकालचं दुसऱ्या पातळीचं रुग्णालय भारत चालवतो. पण पावसात हेलिकॉप्टर उडालं नाही की दोन तासांचं गणित कोलमडतं. म्हणून पहिल्या दहा मिनिटांवर भर: प्रत्येक जवानाला, आचाऱ्यालासुद्धा, रक्त थांबवायचा पट्टा बांधता आलाच पाहिजे.

आणि रोज संध्याकाळी अंगभर बाह्या, मच्छरदाणी, मलेरियाची गोळी. गोळी घेतली का हे रांगेत उभं करून बघतात. ज्या शत्रूवर बेधडक तुटून पडता येतं, असा त्या वर्षभरात एकच: डास.

"नुसतं उभं राहून काय उपयोग? रवांडात काय केलं यांनी?"

प्रश्न रास्त आहे. १९९४ मध्ये रवांडात आणि १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात शांतिसैनिक तिथे असताना कत्तली झाल्या. त्यातून धडा घेऊन १९९९ च्या सिएरा लिओन मोहिमेपासून 'सामान्य माणसांचं संरक्षण' हे स्पष्ट शब्दांत मॅण्डेटमध्ये आलं. म्हणजे आता बळ वापरता येतं. मलाकालसारख्या ठिकाणी हजारो माणसं कित्येक वर्षं तळाच्या कुंपणालगत राहिली, ती कुंपणाबाहेर मारली गेली असती म्हणूनच.

तरी चुका होतात. जुलै २०१६ मध्ये जुबात लढाई भडकली, तेव्हा यूएन तळापासून जवळच असलेल्या एका निवासी आवारात हल्ला झाला, मदतीच्या हाका आल्या आणि कुणी निघालं नाही. तेव्हा तिथे चीन, इथिओपिया, नेपाळ यांच्याबरोबर भारताचीही तुकडी होती. चौकशीत समन्वयाचा आणि नेतृत्वाचा अभाव दिसला आणि मोहिमेच्या फोर्स कमांडरला जावं लागलं. शाबासकी सांगताना हेही सांगायला हवं.

आणि हे काम सुरक्षित आहे असाही गैरसमज नको. एप्रिल २०१३ मध्ये दक्षिण सुदानात एका ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला, पाच भारतीय जवान गेले. त्याच डिसेंबरात अकोबोच्या छोट्या तळावर हजारोंच्या हत्यारबंद जमावाने चाल केली, आत आसरा घेतलेल्या लोकांना मारण्यासाठी. तिथे दोन भारतीय सैनिक मारले गेले. काँगोत ५ डिसेंबर १९६१ ला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना वीरमरण आलं. यूएन मोहिमेत परमवीर चक्र मिळालेले ते एकमेव. आजवर सुमारे १८० भारतीय शांतिसैनिकांनी प्राण गमावले आहेत. इतकी हानी फार थोड्या देशांनी सोसली.

"पण पैसा तर बक्कळ मिळतो ना?"

इथे दोन वेगळ्या पिशव्या आहेत, त्यांची लोक गल्लत करतात. यूएन देशाच्या सरकारला दर सैनिकामागे दरमहा ठरावीक रक्कम देतं. २०१८ मध्ये हा दर १,४२८ डॉलर ठरला होता आणि पुढे किंचित वाढला. तो सरकारच्या खात्यात जातो. जवानाला त्याचा नेहमीचा पगार आणि भारत सरकारने ठरवलेला परदेश भत्ता मिळतो. यूएनकडून थेट त्याच्या हातात पडणारा दैनिक भत्ता ऐकून हसाल: दिवसाला १.२८ डॉलर, म्हणजे शंभर-सव्वाशे रुपये. सुट्टीवर असताना आणखी थोडा भत्ता, तोही ठरावीक दिवसांपुरता.

तरीही वर्षभराच्या परदेश भत्त्यात घराचा स्लॅब पडतो, बहिणीचं लग्न होतं, कर्ज फिटतं. जवानाला मोहीम हवी असते ती बहुतांशी यासाठी, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे? आखातात जाणाऱ्या वेल्डरला आपण 'देशसेवेसाठी गेलास का?' असं विचारत नाही.

आता सरकारची पिशवी भरणारी यूएनची तिजोरी रिकामी का पडतेय? शांतिसेनेचा खर्च सगळे देश ठरलेल्या वाट्याने भरतात. अमेरिकेचा वाटा सुमारे २६ टक्के, चीनचा सुमारे २४. मोठ्यांनी वर्गणी थकवली की मंडळाचा गणपती छोटा होतो. सैनिक कमी करायचं ठरलं ते या थकबाकीपायी. शांतता आली म्हणून नव्हे. मार्च २०२५ मध्येच दक्षिण सुदानात नासिर इथे यूएनच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन त्यातला एक कर्मचारी मारला गेला होता.

"आपल्या सीमा सोडून तिकडे कशाला?"

सरकारी आकडा सांगतो, की आजवर २ लाख ९० हजारांहून अधिक भारतीयांनी पन्नासच्या वर मोहिमांत काम केलं. पण एका वेळी बाहेर असतात ते पाचएक हजार. बारा लाखांच्या लष्कराच्या मानाने ही नफरी किरकोळ आहे. त्या बदल्यात अधिकाऱ्यांना दुसऱ्या देशांच्या सैन्यांबरोबर काम करायचा सराव मिळतो, आणि आफ्रिकेतल्या देशांत भारताविषयी एक ओळख तयार होते. 'यामुळे सुरक्षा परिषदेत कायमची जागा मिळेल' हा युक्तिवाद मात्र मला पटत नाही. सत्तर वर्षं उलटली, जागा काही मिळालेली नाही.

निघताना

नव्वद दिवस पूर्ण झाले की यूएनचं पदक मिळतं. मेडल परेड हा तळावरचा मोठा दिवस. निळे स्कार्फ, बँड, आणि गावच्या ग्रुपवर लगेच फोटो. पण वर्षाचा शेवट त्या मानाने रुक्ष असतो. नवी पलटण येते, तिला दुभाष्यांची, नाक्यावरच्या तापट कमांडरची, कुठल्या ओढ्याला कधी पाणी येतं याची ओळख करून द्यायची. तपासणीस पुन्हा वही घेऊन हजर. भारतात परतणाऱ्या गाड्या धुऊन, चाकांतली काळी माती खरवडून काढून द्यायची. परक्या मातीबरोबर कीड आणि बी येऊ नये म्हणून.

माणूस त्याआधीच घरी पोचलेला असतो. पुरणपोळी होते, मित्र पार्टी मागतात, शेजारची पोरं निळी टोपी घालून बघतात. रोज रात्री जेवणानंतर तो खिशातून पाकीट काढून एक गोळी गिळतो. मलेरियाच्या डॉक्सीसायक्लिनसारख्या गोळ्या तिथून परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात. आई चार दिवस बघते, पाचव्या दिवशी विचारते, "बरं वाटत नाही का रे तुला? मग सांगत का नाहीस?"